काटा आणि सुई

काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवण्याआधी उजेडासमोर धरून नुसत्या डोळ्यांनी बघायची, ही आमच्या सरांनी लावलेली सवय. पॅथॉलॉजीत इतकी वर्षं काढली, तरी ती सुटलेली नाही. आज समोर आहे ती स्तनाच्या गाठीची पट्टी. शस्त्रक्रिया करून काढलेल्या गाठीचा पोस्टाच्या तिकिटाएवढा काप, जाडी मिलिमीटरच्या अडीचशेव्या हिश्शाएवढी. मधोमध जांभळट डाग, त्याच्या काठाला खेकड्याच्या नांग्यांसारखे फाटे, आणि भोवती फिकट गुलाबी रानात पांढरी जाळी. ती जाळी म्हणजे चरबीच्या पेशींची रिकामी घरं. काप मेणात बसवण्याच्या खटाटोपात चरबी विरघळून जाते, भिंती तेवढ्या उरतात. कर्करोग या शब्दातला खेकडा कुठून आला, हे सांगायला भिंगाची गरज पडत नाही.

आता पट्टी खाली ठेवू आणि डागाच्या डाव्या कोपऱ्याकडे जाऊ. गाठ संपून निरोगी ऊती सुरू होते ती ही सीमा. कॅन्सरच्या पेशी लगेच नजरेत भरतात. केंद्रकं मोठी, ओबडधोबड, काळपट. एखादी पेशी विभागणीच्या ऐन मध्यावर गोठलेली, गुणसूत्रं दोन टोकांना ओढली जात असलेली. नवशिक्याची नजर तिथेच अडकते. पण त्यांच्या मधल्या फटींत बघा. घेवड्याच्या दाण्यासारखं, एका बाजूने खळी पडलेलं केंद्रक, भोवती साबणाच्या फेसासारखा फिकट पेशीद्रव, कडा धूसर. ही मॅक्रोफेज, मराठी पाठ्यपुस्तकांतली महाभक्षी पेशी. जन्मजात प्रतिकारशक्तीची ही जुनी चाकर. लस, आधीचा आजार, कसलीही पूर्वतयारी हिला लागत नाही. काही बिघडलं की ती तिथे हजर असते. इतक्या भडक शेजाऱ्यांमध्ये ती अशी बसली आहे की मुद्दाम दाखवल्याशिवाय दिसू नये.

कित्येक वर्षं आमच्या रिपोर्टांत हिच्यासाठी एकच ओळ असे: दाहपेशी आढळतात. पुढे रसायनांनी खास खुणेच्या पेशी रंगवण्याची सोय आली. त्याच गाठीचा शेजारचा काप घेऊन सीडी ६८ नावाच्या खुणेला तपकिरी रंग दिला, आणि पट्टी बघताना मी मान वर करून पुन्हा खाली घातली. फटीफटींतून तपकिरी गर्दी उसळली होती. काही गाठींत तर या पेशींचा वाटा निम्म्याच्या आसपास जातो. म्हणजे ज्याला आपण कॅन्सरची गाठ म्हणतो, त्यातला मोठा भाग कॅन्सरचा नसतोच. तो आपल्याच रक्षकांचा असतो. ते तिथे काय करतात, हे माणसाने कसं वाचलं ते मला तुमच्याबरोबर सावकाश बघायचं आहे. या वाचनाच्या सुरुवातीला एक काटा आहे आणि मध्यावर एक सुई.

काटा गुलाबाचा. १८८२च्या अखेरीस सिसिली बेटावर मेसिना इथे इल्या मेच्निकोव हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ मुक्कामाला होता. एके दिवशी घरची सगळी मंडळी शिकवलेल्या माकडांची सर्कस बघायला गेली आणि तो एकटा सूक्ष्मदर्शकापाशी राहिला. भिंगाखाली तारामाशाचे डिंभ होते, म्हणजे अंड्यातून निघालेली पोहणारी पिल्लं. त्यांच्या अंगात काही पेशी मोकळ्या हिंडताना त्याला दिसत होत्या. त्याच्या मनात आलं, आपल्या बोटात कुसळ गेलं की भोवती पू धरतो; या जिवात कुसळ घातलं तर या हिंडणाऱ्या पेशी काय करतील? बागेत संत्र्याच्या जातीचं एक लहान झाड होतं, थोड्याच दिवसांपूर्वी मुलांसाठी तेच नाताळचं झाड म्हणून सजवलेलं. त्याच बागेतून गुलाबाचे काटे आणून त्याने ते डिंभांच्या कातडीखाली सरकवले. रात्र बेचैनीत गेली. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचं कडं पडलं होतं.

ही गोष्ट बहुतेक ठिकाणी इथेच संपवतात. खरी नजाकत मात्र प्राण्याच्या निवडीत आहे. त्या काळी दाह म्हणजे रक्तवाहिन्यांचा मामला, असं मानलं जाई: वाहिनी फुगते, पाझरते, पांढऱ्या पेशी बाहेर पडतात. मेच्निकोवने असा जीव निवडला ज्याला रक्तवाहिन्याच नाहीत, आणि अंग काचेसारखं आरपार. आता जी पेशी काट्यापाशी आली ती रक्ताबरोबर वाहत आली असं कुणी म्हणू शकणार नाही. ती आपल्या पायाने आली. दुसरी नजाकत काट्यात. त्यात मुद्दाम घातलेलं विष नव्हतं, रोगजंतूही नव्हता. तो फक्त परका होता आणि त्याने जखम केली होती. एवढंच त्या पेशीला पुरलं. नको ते सगळं काढून टाकून प्रश्न असा उघडा करावा, की उत्तर दुसरं निघूच नये! पॉल एर्लिखबरोबर १९०८चं नोबेल मेच्निकोवला मिळालं, पण माझ्या लेखी त्याची थोरवी त्या काचेसारख्या पिल्लाच्या निवडीत आहे.

जाता जाता एक आपल्या मातीचा धागा. ओडेसा विद्यापीठात मेच्निकोवच्या हाताखाली शिकलेला आणि पुढे पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्याच्या मागोमाग गेलेला एक विद्यार्थी १८९६च्या प्लेगात मुंबईला आला. वाल्देमार हाफकिन. परळच्या त्याच्या प्रयोगशाळेला १९२५मध्ये त्याचंच नाव मिळालं. त्याच परळमध्ये १९४१ साली टाटा मेमोरियल हॉस्पिटल उभं राहिलं. मेसिनाच्या काट्याची शिष्यपरंपरा आणि आपल्याकडच्या कॅन्सरच्या अभ्यासाचं घर चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, हे परळच्या रस्त्यांवरून जाताना मला नेहमी जाणवतं.

गाठीत पांढऱ्या पेशी असतात हे मेच्निकोवच्याही आधी, १८६३च्या सुमारास, बर्लिनमध्ये रुडॉल्फ विर्चोने नोंदवून ठेवलं होतं. जिथे जळजळ वर्षानुवर्षं धुमसते तिथे कॅन्सर उगवतो, असं त्याचं म्हणणं. टाटा हॉस्पिटलच्या डॉ. वसंत खानोलकरांनी १९४५मध्ये सहकाऱ्यांसह लिहिलं ते याच वाटेवरचं: धोतराची गाठ कमरेवर जिथे रोज घासते, नेमक्या तिथल्या कातडीत होणारा कॅन्सर. पण नातं दिसणं वेगळं आणि नात्याचा अर्थ लागणं वेगळं. अर्थ लावला तो बॉस्टनच्या हॅरॉल्ड ड्वोराकने १९८६मध्ये, एका निबंधाच्या शीर्षकात. गाठी म्हणजे न भरणाऱ्या जखमा, असा त्या शीर्षकाचा आशय.

हे शीर्षक सुभाषितासारखं चटकन वाचून पुढे जाण्याचं नाही. त्यातलं प्रत्येक पद मोजून ठेवलेलं आहे. जखम भरताना काय होतं ते आठवा. वाहिन्या पाझरतात, रक्तातलं तंतुजन बाहेर येऊन गोठतं, त्याचं मचाण तयार होतं. काही तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी येतात, एकदोन दिवसांत मॅक्रोफेज. त्या मेलेल्या पेशी उचलतात, नव्या रक्तवाहिन्यांना हाक घालतात, तंतू विणणाऱ्या पेशींना कामाला लावतात, भोवतीच्या पेशींना वाढायला आणि सरकायला सांगतात. मग काम उरकलं की गर्दी ओसरते, गळती थांबते आणि व्रण उरतो. ड्वोराक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३मध्ये गाठीतून निघणारं एक प्रथिन शोधलं होतं, जे वाहिन्यांना पाझर फोडतं. पुढे तेच व्हीईजीएफ या नावाने सर्वांना ठाऊक झालं. गाठीत हा पाझर थांबत नाही. बोलावणं आलेलं असतं, निरोप कधीच येत नाही. न भरणाऱ्या या दोन शब्दांत ड्वोराकने ती न संपणारी पहिली घटका पकडली आहे.

याच ठिकाणी एका शब्दाबद्दल माझी तक्रार नोंदवतो. गाठीतल्या मॅक्रोफेजबद्दल लिहिताना फितूर हा शब्द सर्रास वापरतात: रक्षक शत्रूला मिळाले, किल्ल्याचा दरवाजा आतून उघडला. वाचायला झणझणीत, पण पेशीवर अन्याय करणारं. मॅक्रोफेज काहीही नवीन शिकलेली नाही. जखमेत जे करते तेच ती इथे करते आहे, त्याच क्रमाने, त्याच निष्ठेने. तिला मिळालेलं बोलावणं जखमेचंच आहे. हे एकदा पटलं की पुढचे प्रयोग निराळ्याच रंगात दिसू लागतात.

त्यातला मला सर्वांत आवडणारा २००१चा. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात जेफ्री पोलार्डच्या प्रयोगशाळेत एलेन लिन आणि सहकाऱ्यांनी केलेला. प्रश्न सरळ: गाठीतून मॅक्रोफेज काढून घेतल्या तर काय होईल? पण काढणार कशा? इथे त्यांनी एक जुना, दुर्मीळ उंदीर हाताशी धरला. या उंदरात सीएसएफ-१ नावाचं प्रथिन तयार होत नाही. मॅक्रोफेज जगतात आणि वाढतात त्या याच प्रथिनावर. हाड कुरतडून त्याला आकार देणाऱ्या पेशीही त्याच कुळातल्या, त्यामुळे त्याही कमी पडतात. हाडं दगडासारखी घट्ट होतात आणि जबड्यातून दात वर येऊ शकत नाहीत. असा बोळका उंदीर मऊ खाणं घालून जपावा लागतो. स्तनात हमखास गाठी होणाऱ्या उंदरांच्या वंशाशी त्यांनी या वंशाचा संकर केला. एका प्रथिनाच्या अभावाने हाड, दात आणि गाठ अशी तीन दूरची घरं एका ओळीत आणून बसवली, ही रचनाच मला एखाद्या उत्तम कथेच्या बांधणीसारखी वाटते.

निकालाकडे घाई न करता बघा. मॅक्रोफेज कमी झाल्या, म्हणून गाठी झाल्या नाहीत का? झाल्या. तितक्याच झाल्या, तितक्याच वेगाने वाढल्या. इथे एखाद्याने निराश होऊन कागद मिटले असते. पण या मंडळींनी गाठीचं आकारमान मोजून न थांबता तिचं वागणं बघितलं. मॅक्रोफेज असलेल्या उंदरांत गाठ हद्द फोडून आक्रमक होत होती, फुप्फुसांत पसरत होती. बोळक्या उंदरांत ती बराच काळ आपल्या जागी राहिली आणि फुप्फुसांत तिच्या पेशी फारच थोड्या सापडल्या. म्हणजे ही पेशी गाठ पेरत नाही. गाठीला घर सोडून निघण्याची वाट करून देते. एवढा बारीक फरक आकड्यांच्या पहिल्या रकान्यात दिसत नाही. तो दिसायला दुसरा रकाना आखण्याची बुद्धी लागते.

तरी एक शंका उरते आणि प्रयोगकर्त्यांनी ती स्वतःच उचलली आहे. ज्या उंदराला दात नाहीत, हाडं बिघडलेली आहेत, त्याची प्रकृतीच निराळी; गाठ मंदावली ती दुसऱ्याच कारणाने नसेल कशावरून? म्हणून त्यांनी जनुकाची अशी जुळणी केली की सीएसएफ-१ फक्त स्तनाच्या पेशींत तयार व्हावं, बाकी शरीर तसंच राहावं. मॅक्रोफेज स्तनात परतल्या, आणि त्यांच्या मागोमाग गाठीची आक्रमकता आणि फुप्फुसांतला फैलावही परतला. काढून घेतलं तेव्हा थांबलं, तेवढ्याच जागी परत दिलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. तबलजीने हात उचलावा, गाणं अधांतरी व्हावं, आणि सम आल्यावर तोच ठेका परत पडावा, तशी ही दुसरी अर्धी बाजू येते. पहिल्या अर्ध्यावर थांबणारे प्रयोग मी पुष्कळ वाचले आहेत. म्हणून या परतीचं मला इतकं अप्रूप.

आता सुई. घर सोडून निघणारी पेशी आणि मॅक्रोफेज यांच्यात बोलणं होतं कसं, हे त्याच संस्थेत जॉन काँडीलिस, पोलार्ड आणि जेफ्री वायकॉफ यांनी २००४मध्ये दाखवलं. एक अतिशय बारीक पोकळ सुई घेतली. तिच्यात ऊतीसारखा मऊ जेल भरला आणि त्यात एक आमिष कालवलं. भूल दिलेल्या उंदराच्या जिवंत गाठीत ती सुई चार तास रोवून ठेवली, आणि मग आत कोण कोण चालत आलं ते मोजलं. मेसिनाच्या काट्याचंच हे वंशज! फरक एवढाच की काट्याभोवती कडं पडलं होतं आणि इथे पाहुणे थेट आतच आले.

आमिषं दोन, आळीपाळीने. पहिलं ईजीएफ, म्हणजे कॅन्सरच्या पेशींना ओढणारं. दुसरं आपल्या ओळखीचं सीएसएफ-१, मॅक्रोफेजांना ओढणारं. अपेक्षा अशी की ज्याचं आमिष तोच येईल. झालं भलतंच. ईजीएफच्या सुईत कॅन्सरच्या पेशी तर आल्याच, साधारण तीन चतुर्थांश. उरलेला एक चतुर्थांश मात्र मॅक्रोफेजांचा निघाला. आणि सीएसएफ-१च्या सुईतही दोघी एकत्रच आल्या. उलगडा असा: या गाठींत कॅन्सरची पेशी सीएसएफ-१ सोडते आणि ईजीएफ ऐकते, मॅक्रोफेज ईजीएफ सोडते आणि सीएसएफ-१ ऐकते. एकीचं तोंड ते दुसरीचे कान. जुगलबंदीत सतारीने बोल टाकावा, सरोदने तो उचलून पुढे न्यावा आणि सतारीने पुन्हा झेलावा, तशा या दोघी एकमेकींच्या बोलावर पुढे सरकतात.

या बंदिशीतली सर्वांत सुंदर जागा शेवटी आहे. संशोधकांनी एका वेळी एकीचेच कान बंद केले. ईजीएफ ऐकणारं ग्राहक प्रथिन अडवलं, तर कॅन्सरची पेशी थांबली हे ओघानेच आलं. पण तिच्याबरोबर मॅक्रोफेजही थांबली, जिच्या कानाला कुणी हात लावला नव्हता. उलट बाजूने केलं तरी तेच. दोन वाद्यांतलं एक मुकं केलं की दुसरंही गप्प होतं, यापेक्षा संवादाचा भक्कम पुरावा कुठला असेल? सुईच्या टोकावर मावेल एवढ्या जागेत त्यांनी दोन पेशींमधलं नातं उभं आडवं तपासून दाखवलं.

मग ते प्रत्यक्ष बघण्याची पाळी आली. २००७च्या सुमारास याच गटाने जिवंत उंदराच्या गाठीत लेसरच्या सूक्ष्मदर्शकाने चित्रण केलं. त्यातली रंगांची योजना सांगण्यासारखी आहे. कॅन्सरच्या पेशींना जेलीफिशपासून मिळालेल्या प्रथिनाने हिरवा उजेड दिला. मॅक्रोफेजांसाठी वेगळा रंग चढवावाच लागला नाही. रक्तात डेक्स्ट्रान नावाची रंगीत साखर सोडली, आणि जे दिसेल ते खाण्याच्या आपल्या स्वभावाने मॅक्रोफेजांनी ती गिळून स्वतःच स्वतःला रंगवून घेतलं. आणि ज्या कोलॅजेनच्या दोऱ्या गाठीत ताणलेल्या असतात, त्या या लेसरखाली कुठलाही रंग न देता आपोआप लखलखतात. भक्षक ओळखायचा तो त्याच्या भक्षणाने, आणि वाट ओळखायची ती तिच्या स्वतःच्या तेजाने! अशी योजना ज्याला सुचली त्याच्या हाताला दाद द्यावी तेवढी थोडी.

त्या चित्रणात दिसतं ते असं. लखलखत्या दोऱ्यांवरून हिरवी पेशी सरकते, तिच्या मागेपुढे मॅक्रोफेज. दोरी रक्तवाहिनीपाशी संपते. वाहिनीच्या भिंतीला पाठ टेकून एक मॅक्रोफेज आधीच बसलेली असते. हिरवी पेशी तिच्याजवळ पोचते, दोऱ्यासारखी बारीक होते आणि भिंतीच्या फटीतून रक्तात उतरते. मॅक्रोफेज नसलेल्या जागी असं उतरणं दिसत नाही. या तिघींना, म्हणजे कॅन्सरची पेशी, मॅक्रोफेज आणि वाहिनीची अस्तरपेशी, माणसांच्या गाठींच्या जुन्या कापांवर तीन खुणांनी रंगवून २००९मध्ये मोजलं गेलं. रुग्णांच्या ३० जोड्या घेतल्या. प्रत्येक जोडीत एकीचा कॅन्सर दूर पसरलेला, दुसरीचा नाही. हे त्रिकूट पसरलेल्यांच्या गाठींत जास्त दाट सापडलं. आणि २०१५मध्ये कळलं की त्रिकुटाच्या जागी वाहिनी सतत गळत नसते. काही मिनिटांपुरती उघडते आणि मिटते, आणि तिला उघडायला लावणारं व्हीईजीएफ त्या पाठ टेकून बसलेल्या मॅक्रोफेजकडून येतं. ड्वोराकची न थांबणारी गळती आठवली ना? ती इथे एका पेशीच्या हातात, एका दाराच्या मापाची होऊन भेटते.

न्यूट्रोफिलांबद्दल थोडक्यात लिहितो, पण एक तपशील चुकवून चालणार नाही. या पेशी मरणाच्या वेळी आपल्याच डीएनएचं जाळं बाहेर फेकतात आणि त्यात जंतू अडकवतात, हे २००४मध्ये बर्लिनमध्ये दिसलं. न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये मिकाला एगेब्लाड यांच्या गटाने २०१८मध्ये त्याचा पुढचा अंक उघडला. उंदरांच्या फुप्फुसांत कॅन्सरच्या झोपलेल्या पेशी होत्या. जिवंत, पण वाढ थांबलेल्या. फुप्फुसाला तंबाखूच्या धुराने सतत डिवचलं, तेव्हा न्यूट्रोफिल आले, जाळी पडली, आणि झोपलेल्या पेशी जाग्या झाल्या. कशा? जाळ्याला चिकटलेली दोन विकरं लॅमिनिन या पायाच्या प्रथिनाला एकामागून एक कापतात. आधी इलॅस्टेझ, मग एमएमपी-९. दोन्ही काप पडल्यावर लॅमिनिनचा जो आतला पदर उघडा पडतो, तो झोपलेल्या पेशीला हात लावून उठवतो. त्या नेमक्या उघड्या पदराला झाकणारं प्रतिपिंड दिलं, तर जाग येत नाही. जंतूंसाठी विणलेलं जाळं, त्यावरच्या दोन कात्र्या, आणि त्या कात्र्यांचा क्रमसुद्धा ठरलेला. इतकी सूक्ष्म कडी हाती लागावी म्हणजे नजर किती स्थिर असावी लागते!

याच जन्मजात फौजेत उलट्या स्वभावाची एक पेशी आहे, तिला विसरलो तर चित्र एकांगी होईल. तिचं नाव नॅचरल किलर, दवाखान्याच्या बोलीत एनके. आपल्या बहुतेक पेशी पृष्ठभागावर ओळखीची एक पाटी लावून असतात. शिकून तयार झालेल्या टी पेशी त्या पाटीवरचा मजकूर वाचून शत्रू हेरतात. हुशार कॅन्सरपेशी पाटीच उतरवून ठेवते. मग टी पेशीला वाचायला काही राहत नाही. स्टॉकहोमच्या क्लास केर्रे आणि सहकाऱ्यांनी १९८६मध्ये दाखवलं की एनके पेशी नेमकी ही रिकामी जागा ओळखते. पाटी नाही, म्हणजे काहीतरी गडबड आहे. लग्नाच्या पंगतीत शेकडो पानं उठली तरी कोण आलं नाही ते अचूक सांगणारी एखादी आत्या घरोघरी असते. आलेल्यांना तर कुणीही ओळखेल. न आलेल्याला ओळखणं ही वेगळीच तालीम. जे नाही ते वाचणारी ही पेशी मला जन्मजात प्रतिकारशक्तीतली सर्वांत तरल वाचक वाटते.

आणि बोलावणं बदललं की तीच फौज निराळं वागते, हे तुमच्या आमच्या डाव्या दंडावरच्या वणाला ठाऊक असलेल्या बीसीजीनेच दाखवलं आहे. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरच्या नऊ रुग्णांचा अनुभव १९७६मध्ये मांडला. क्षयाच्या लशीतले अशक्त केलेले जिवंत जंतू आठवड्यातून एकदा थेट मूत्राशयात, असे सहा आठवडे. त्यातून उसळलेला दाह वरच्या थरातल्या गाठीला मारक ठरला. आजही हे उपचार चालू आहेत. न भरणाऱ्या जखमेत येऊन गाठीची वाट करून देणाऱ्या पेशींच्या भाऊबंदांनाच इथे जंतूंची खबर मिळते, आणि त्यांचा सूर पालटतो. म्हणून मॅक्रोफेजांची चांगल्या आणि वाईट अशी दोन नावांत वाटणी मला कधी रुचली नाही. सुराच्या मधल्या श्रुती गाळल्या तर राग ओळखूच येत नाही.

आता समोरच्या पट्टीकडे परत येतो. हिच्यावरची एक जागा मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. डावा काठ सोडून आणखी डावीकडे या, गाठीच्या बाहेर, चरबीच्या पांढऱ्या जाळीत. इथे एक सरळ रेघ दिसेल, जणू कुणी पट्टीवर पट्टीनेच ओढलेली. शस्त्रक्रियेच्या तीन आठवडे आधी निदानासाठी बायोप्सीची सुई गाठीत शिरली, तिची ही वाट. रेघेच्या दोन्ही बाजूंना फेसाळ पोटाच्या मॅक्रोफेज ओळीने बसल्या आहेत. त्यांच्या पोटात सोनेरी तपकिरी कण आहेत. सुईने सांडलेल्या रक्तातलं ते लोह, त्यांनी उचलून साठवलेलं. खात्री करायची असेल तर शेजारच्या कापावर लोहाची परीक्षा करा, कण निळेशार होतात. भोवती कोवळे तंतू पडले आहेत, नव्या केशवाहिन्या मिटू लागल्या आहेत. ही जखम भरत आली आहे. आणि डाव्या काठाला, दोन मिलिमीटरवर, घेवड्याच्या दाण्याचं तेच केंद्रक, तोच फेस, कॅन्सरच्या पेशींच्या फटीत अजून कामाला बसलेला. चारच्या भिंगावर गेलं की दोन्ही जागा एका नजरेत मावतात.